तोशाम कथिल क्षेत्र

तोशाम कथिल क्षेत्र : हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातील कथिलाच्या धातुकाचे लहान क्षेत्र. तोशाम, खानक, रिवासा, दुल्हेरी इ. सुट्या टेकड्या गाळ व वाऱ्याने आणलेल्या वाळूच्या सपाटीतून वर डोकावतात. मधला खडक झाकलेला असल्याने त्याचा विस्तार बराचसा अनुमानानेच ठरवावा लागतो.

येथील सर्वांत जुने खडक म्हणजे दिल्ली महासंघ या अतिप्राचीन खडकांच्या समूहातील क्वॉर्ट्‌झाइट व सुभाजा. त्यांना भेदून रायोलाइट, क्वॉर्ट्‌झ पॉर्फिरी व ग्रॅनाइट वर आले. भूवैज्ञानिक नरेश कोछर यांनी या रचनेला वलयाकार जटिल (कड्याच्या आकारात मांडलेल्या अग्निज खडकांचा समूह) मानले आहे. या अग्निज खडकांची गणना सामान्यतः राजस्थानातील मालानी समूहात करतात. रुबिडियम-स्ट्राँशियम या किरणोत्सर्गी क्षयावर आधारलेल्या पद्धतीने त्यांचे वय सुमारे ९४ कोटी वर्षे आले होते. मात्र मालानी समूहाचे वय इतरत्र झिरकॉन या खनिजावरून साधारण ७५ ते ७८ कोटी वर्षे येते, आणि खडकांचे साम्य पाहता तोशामलाही त्याच्या जवळपासचे वय अधिक जुळते.

कथिल मुख्यतः कॅसिटेराइट (कथिलाचे ऑक्साइड, SnO₂; विशिष्ट गुरुत्व ६·८–७·१) या खनिजात आहे. ग्रॅनाइट थिजत आला की उरलेल्या द्रवात पाणी, फ्ल्युओरीन व बोरॉन साठते. हा तप्त द्रव भेगांत शिरून फेल्स्पार या खनिजाचे अभ्रक व क्वॉर्ट्‌झमध्ये रूपांतर करतो. अशा ग्रायझेन खडकात व लगतच्या शिरांत कॅसिटेराइट साचते. येथे त्याच्या जोडीला तांब्याची व लोहाची सल्फाइडेही आढळतात.

तांबे व कथिल एकाच ठिकाणी सापडत असल्याने पुरातत्त्वज्ञांचे येथे लक्ष गेले. हडप्पा संस्कृतीच्या ब्राँझमधील कथिल कोठून येई, हा जुना वाद आहे. अफगाणिस्तान व मध्य आशियाकडे बोट दाखविणारे अभ्यासक अनेक आहेत. ताजिकिस्तानातील मुशिस्तोन व उझबेकिस्तानातील कर्नाब येथे ब्राँझयुगीन खाणकामाचा पुरावाही आहे. उलट नरेश कोछर, खगोलभौतिकीविद राजेश कोछर व पुरातत्त्वज्ञ दिलीप चक्रवर्ती यांनी १९९९ मध्ये तोशामचा पर्याय मांडला. मिताथल व राखीगढी ही हडप्पाकालीन स्थळे येथून फार दूर नाहीत, आणि खानक येथील उत्खननांत त्या काळच्या धातुकामाचे अवशेष मिळाले आहेत. तरीही केवळ सान्निध्यावरून सगळे कथिल येथलेच ठरत नाही. तोशाम हा अनेक स्रोतांपैकी एक, स्थानिक गरज काही अंशी भागविणारा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खानकच्या टेकडीत सध्या बांधकामाच्या दगडासाठी खाणी चालतात.