आकाशातून उतरलेले दोघे: इग्बोंची ‘अकुको इफो’ आणि ‘अकुको अला’

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो लोकांच्या गोष्टींत दोघं जण आकाशातून खाली येतात. एक कासव आणि दुसरा एरी.

कासवाची गोष्ट अशी. पक्ष्यांना आकाशात मेजवानीचं बोलावणं येतं. खादाड कासव प्रत्येक पक्ष्याकडून एकेक पीस मागून घेतं, पंख बनवतं आणि निघताना सांगतं, की अशा मेजवानीला नवं नाव घेऊन जायची रीत असते. स्वतःसाठी ते नाव घेतं ‘तुम्ही सगळे’. वर पोचल्यावर ताटं येतात. ‘हे कुणासाठी?’ कासव विचारतं. ‘तुम्हा सगळ्यांसाठी,’ यजमान म्हणतात. मग काय, कासव एकटंच सगळं फस्त करतं. चिडलेले पक्षी आपापलं पीस काढून घेतात. कासव पोपटाबरोबर बायकोला निरोप धाडतं, की घरातलं मऊ मऊ सामान अंगणात पसर. पोपट नेमकं उलटं सांगतो. बायको कुदळी, कोयते, मडकी मांडून ठेवते. कासव त्यांवर येऊन आदळतं, पाठीचे तुकडे होतात आणि वैद्य ते सांधतो. कासवाच्या पाठीवरच्या रेघा तेव्हापासूनच्या.

एरीची गोष्टही तितकीच अद्भुत आहे. देव चुक्वूने एरीला आकाशातून खाली धाडलं. तो उतरला अनाम्ब्रा नदीच्या खोऱ्यात. या नदीचं तिथलं नाव ओमांबाला. खाली सगळी दलदल होती. पाय टेकायला जागा नाही म्हणून एरी वारुळावर उभा राहिला आणि त्याने चुक्वूकडे तक्रार केली. चुक्वूने ऑका गावचा एक लोहार भाता आणि कोळसे देऊन पाठवला. त्याने भाता मारमारून जमीन सुकवली. एरी होता तोवर त्याच्या माणसांना आकाशातूनच अन्न मिळत होतं. तो गेला आणि ते थांबलं.

मराठीत या दोन्ही गोष्टींना आपण सहज ‘दंतकथा’ म्हणून मोकळे होतो. इग्बो भाषेत मात्र त्यांना दोन वेगळी नावं आहेत. कासवाची गोष्ट ‘अकुको इफो’, एरीची ‘अकुको अला’. अकुको म्हणजे गोष्ट, अला म्हणजे जमीन. न्री या इग्बो गावाच्या मुलखात अलाला ‘अनी’ म्हणतात. हे जमीन आणि भूदेवी अशा दोघींचं नाव आहे. म्हणजे एक जमिनीची गोष्ट, दुसरी मनोरंजनाची कल्पित कथा. परक्या वाचकाची गफलत होते ती इथेच. आकाश, चमत्कार, देव दिसले की तो कथेला इफोच्या खणात टाकतो. राजा, नदी, युद्ध दिसलं की अलाच्या. पण कथा कशी दिसते यावरून ही वाटणी होत नाही.

इफो ओळखायला सोपी. ती रात्रीची, जेवणं उरकल्यावर, बरेचदा चांदण्यात सांगायची. दिवसा इफो सांगत बसणं बऱ्याच गावांत निषिद्ध मानलं जाई, कारण ती वेळ शेतीची. सांगणारी आई असेल, आजी असेल किंवा दहा वर्षांची ताई. ती ‘इफो चाकपी!’ अशी हाळी देते, पोरं ‘वोऽऽ!’ म्हणून ओ देतात, आणि त्या क्षणी सगळ्यांना कळतं की आता जे येणार ते खरं मानायचं नाही. आपलं ‘आटपाट नगर होतं’ हेच काम करतं. मधे गाणं येतं, पोरं धृपद धरतात. सांगणारीने पोपटाऐवजी दुसरा पक्षी आणला तर हरकत नाही. फार तर कुणी म्हणेल, आमच्याकडे अशी सांगतात. गोष्टीतलं गाव कुठलं, हे कुणी विचारत नाही.

अलाच्या गोष्टीत गावाचं नाव हाच गाभा. ती सांगायचा हक्क सगळ्यांना नसतो. कुळातला वडीलधारा ती सांगतो. ‘ओफो’ ही पूर्वजांच्या अधिकाराची आणि सत्याची काठी त्याच्याकडे असते, आणि ओफो हाती असताना खोटं बोलणाऱ्याला पूर्वज सोडत नाहीत अशी श्रद्धा आहे. प्रसंगही ठरलेला: राज्यारोहण, पदवीचा सोहळा, जमिनीचा तंटा. पुष्कळदा गोष्ट शब्दांत सांगितलीही जात नाही. पाहुणा आला की कोला नावाच्या झाडाची बी पुढे करतात. ती कुणाकडे आधी आणि कुणाकडे नंतर फिरते, यात गावातल्या वाड्यांचा थोरला-धाकटा क्रम बसलेला असतो, आणि तो क्रम मूळ पुरुषाच्या मुलांचा. कोला चुकीच्या हातात आधी गेली तर अख्खी वंशावळ चुकल्यासारखं होतं आणि वाद पेटतो. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं इग्बो म्हणतात. तिच्यावरची प्रार्थना इग्बोतच व्हायला हवी.

आता एरीच्या गोष्टीकडे परत येऊ, कारण तिचा पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 1930 च्या दशकात वसाहतीच्या नोकरीतल्या जेफ्रीज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने ही परंपरा न्रीच्या माणसांकडून सविस्तर टिपली. न्री हे गाव आजच्या अनाम्ब्रा राज्यात आहे. तिथे सांगतात की एरीनंतर उपासमार सुरू झाली, तेव्हा त्याचा मुलगा न्री चुक्वूकडे गेला. चुक्वूने थोरला मुलगा आणि थोरली मुलगी बळी द्यायला सांगितलं. न्रीने काळजावर दगड ठेवून ते केलं. त्याआधी दोघांच्या चेहऱ्यावर ‘इची’ नावाच्या रेषा कोरल्या गेल्या. काही दिवसांनी मुलाच्या थडग्यातून याम उगवला, मुलीच्या थडग्यातून अळकुड्या. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. इग्बोंच्या ताटात आणि मानपानात त्याची जागा पहिली. शेजारी बियाणं मागायला आले. न्री म्हणाला, ज्याच्यासाठी मी पोटची पोरं दिली ते फुकट कसं देऊ?

त्याने मोबदल्यात हक्क मागितले. गावात जमिनीचा विटाळ झाला, म्हणजे भूदेवीविरुद्ध घोर अपराध घडला, तर तो धुण्याचा हक्क न्रीच्या माणसांचा. ‘ओझो’ ही मानाची पदवी घेणाऱ्याच्या घोट्याला दोरा बांधण्याचा हक्क न्रीचा.

यातलं एकही कलम हवेत नाही. न्रीची माणसं ‘ओतोन्सी’ नावाची काठी हातात घेऊन गावोगाव जात, शुद्धी करत, दोरे बांधत. त्यांच्या चेहऱ्यावरची इची पाहून वाटेत त्यांना कुणी अडवत नसे, लढाई चालू असली तरीही. न्रीच्या राजाकडे, एझे न्रीकडे, सैन्य नव्हतं. त्याचं राज्य चाललं ते या हक्कांवर. तो दरवर्षी ‘इगु आरो’ला नव्या वर्षाची घोषणा करतो आणि यामचं बियाणं वाटतो. राज्यावर बसण्याआधी त्याला एरीच्या गावी, अगुलेरीला जावं लागतं, आणि अनाम्ब्राच्या तळातून पाणबुड्याने काढलेला चिखल विधीसाठी घ्यावा लागतो. दलदल सुकवणारा लोहार ऑकाचाच का? कारण ऑकाचे फिरते लोहार मुलखात दूरवर नावाजलेले होते, आणि लोखंडी कुदळीवाचून यामची शेती नाही. गोष्ट त्यांचा मान राखून पुढे जाते. म्हणजे जी कथा कासवाच्या कथेइतकी अचाट वाटते, ती ओळीओळीने वाचली तर हक्कांचा दस्तऐवज निघते. मराठेशाहीत वतनाचा वाद उभा राहिला की घराणी आपला ‘करीना’, म्हणजे हक्काची पूर्वापार हकीगत, मांडत; त्याच्या जवळ जाणारी ही जात आहे.

न्रीच्या शेजारच्या इग्बो-उक्वूत 1938 च्या सुमारास घराच्या आवारात पाण्याचं टाकं खोदताना कांस्याच्या वस्तू हाती लागल्या. पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी 1959-60 आणि 1964 मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यातल्या वस्तू साधारण नवव्या शतकाच्या ठरल्या, आणि कांस्याच्या काही चेहऱ्यांवर इचीसारख्या रेषा आहेत. यामुळे एरी आकाशातून उतरला हे सिद्ध होत नाही. पण त्या रेषांना हजार वर्षांचं वय असू शकतं, एवढं नक्की कळतं.

याच्या अगदी उलटा चेहरा ओनित्शाच्या गोष्टीचा. नायजर नदीच्या पूर्व काठावरचं हे मोठं व्यापारी शहर न्रीपासून फार लांब नाही. तिथली मूळ कथा सांगते की आपले पूर्वज पश्चिमेकडच्या बेनिनहून आले (बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, आजचा बेनिन देश नव्हे). त्यांचा पुढारी एझे चिमा. बेनिनच्या राजाची आई असिजे हिच्याशी शेतावरून तंटा झाला, तिला मारहाण झाली आणि राजाने सैन्य पाठवलं. चिमाची माणसं पूर्वेकडे निघाली. वाटेत गट मागे राहत गेले. ओनिचा-उग्बो, ओनिचा-ओलोना, इसेले-उकू ही नायजरच्या पश्चिमेची गावं आजही स्वतःला ‘उमुएझेचिमा’, चिमाची लेकरं, म्हणवतात. स्वतः चिमा वाटेतच वारला. नदी ओलांडायच्या वेळी ठरलं, की जो ‘उफिए’ हे राजवाद्य आधी वाजवील तो राजा. ओरेझेने युक्तीने बाजी मारली.

इथे देव नाही, बळी नाही. राजघराण्यातलं भांडण, पळापळ, नदी. वाचणारा चटकन म्हणतो, हा खरा इतिहास. पण वाद्य आधी वाजवून राज्य जिंकणाऱ्या ओरेझेकडे नीट पाहिलं तर तो इफोतल्या चलाख नायकाचा भाऊ शोभतो. शिवाय ओनित्शातली सगळी कुळं चिमाची नाहीत; काही इगाला या शेजारच्या लोकांच्या मुलखातून आल्याचं सांगतात, काही न्रीच्या बाजूने. बेनिनचा दबदबा मोठा होता, राजपदाच्या कल्पना आणि पदव्या तिथून आल्या, पण माणसंही तितक्याच संख्येने आली का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तरी ओनित्शाची कथा अलाच आहे, कारण ओबीच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, गादीवर कोण बसू शकतं आणि कोण नाही, हे ती ठरवते.

म्हणून माझ्या मते फरकाची खूण एकच. गोष्ट बदलली तर कुणाचं काय जातं, ते पाहावं.

कासवाच्या गोष्टीत कुणाचं काही जात नाही. एरीच्या गोष्टीत जातं. एरीचा थोरला मुलगा न्री होता असं न्रीची माणसं सांगतात. अगुलेरीत सांगतात की थोरला होता अगुलू, ज्याने अगुलेरी वसवलं. दोन मुलांमधला हा क्रम म्हणजे दोन गावांमधला मान. अगुलेरी आणि शेजारचं उमुलेरी दोघंही एरीचंच नाव सांगतात, आणि ओतुओचाच्या जमिनीवरून ही भावकी पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयात लढली. 1995 आणि 1999 मध्ये तर तिथे रक्तपात झाला, घरंच्या घरं जळाली. हे वाचल्यावर ‘दंतकथा’ हा शब्द तोंडावर यायला धजत नाही.

न्यायालयंही या गोष्टी ऐकून घेतात. ओबोसी हे शेजारचं गाव आणि ओनित्शा यांच्यातल्या जमिनीच्या तंट्याचा 1935 चा निकाल नायजेरियात आजही जमिनीच्या दाव्यांत उद्धृत होतो. दोन्ही बाजूंचे वडीलधारे प्रामाणिकपणे परस्परविरोधी परंपरा सांगत असतील तर काय करायचं, हा प्रश्न 1957 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, गोल्ड कोस्टच्या, आताच्या घानाच्या, एका खटल्यात आला. उत्तर असं मिळालं की साक्षीदार कसा बोलला यावर जाऊ नका. अलीकडच्या काळात त्या जमिनीवर प्रत्यक्ष काय घडत आलं ते पाहा आणि कुठली परंपरा त्याच्याशी जास्त जुळते ते ठरवा. नायजेरियातल्या न्यायाधीशांनी हीच कसोटी उचलली. इफो सांगायला कुणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिलेलं नाही.

अला बदलत नाही असं मात्र समजू नये. ओनित्शाला ख्रिस्ती मिशन 1857 मध्ये सुरू झालं आणि संपूर्ण बायबल इग्बोत आलं 1913 मध्ये. त्यात उत्पत्तीच्या 46 व्या अध्यायात, सोळाव्या ओवीत, याकोबाचा मुलगा गाद याच्या मुलांची नावं आहेत, आणि त्यांत एक आहे एरी. आज अगुलेरीत पुष्कळ जण ठामपणे सांगतात, की आपला एरी तो हाच; तो इस्राएलहून आला. इग्बो आणि यहुदी चालीरीती सारख्या आहेत हे गुलामगिरीतून सुटलेल्या इग्बो लेखक ओलाउदा इक्वियानोने 1789 मध्येच लिहिलं होतं, त्यामुळे कल्पना अगदीच नवी नव्हती. पण जेफ्रीजला जो एरी सांगितला गेला तो आकाशातून आलेला होता. मला आकाशाचा एरी जुना वाटतो आणि गादचा एरी नंतरचा. तरी दुसऱ्याला थोतांड म्हणायला मी तयार नाही. 1911 मध्ये इंग्रजांनी एझे न्रीला त्याचे विधींचे अधिकार जाहीरपणे सोडायला लावले. जुन्या हक्काची कागदोपत्री किंमत शून्य झाल्यावर, नव्या सत्तेच्याच पवित्र ग्रंथात आपल्या मूळ पुरुषाचं नाव सापडणं ही त्या मुलखासाठी लहान गोष्ट नव्हती.

आणि सगळ्याच गावांना एरी किंवा चिमा लागत नाही. दक्षिणेकडच्या बऱ्याच इग्बो गावांत आकाशही नाही आणि बेनिनही नाही. 1972 मध्ये एलिझाबेथ इसिचेई इग्बोंचा इतिहास लिहिण्यासाठी फिरत होत्या, तेव्हा याच भागातल्या एम्बाइसेतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना बजावलं, की आम्ही कुठूनही आलेलो नाही, आम्ही कुठून तरी आलो असं जो सांगेल तो खोटारडा, आणि हे लिहून घ्या.