गावरान कोंबडी आणि गावरानसारखी कोंबडी, शिवाय मधपेटीतली तीच भानगड

विदर्भातल्या आठवडी बाजारात, मग तो हिंगणघाटचा असो का वरुडचा, कोंबड्यावाल्याच्या टोपल्यात दोन प्रकारच्या कोंबड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि भाऊ दोन्हींवर हात ठेवून एकच सांगते, "घ्या ना, अस्सल गावरान हाय." रंगीत पिसं, लाल तुरा, पाय बांधलेले, नवख्याला दोन्ही सारख्याच दिसणार. त्यातली एक खरंच गावातली, उकिरडा उकरून वाढलेल्या घराण्यातली. दुसरी सुधारित, म्हणजे वनराज, गिरीराज, ग्रामप्रिया, कावेरी यातलं काहीतरी, हॅचरीतून एक दिवसाचं पिल्लू म्हणून आलेली. नोकरी सांभाळून वाडीत हौसेनं आठ-दहा कोंबड्या आणि एखादी मधाची पेटी ठेवू म्हणणारे लोक हल्ली बरेच झालेत, त्यांनी निदान आपण यातलं काय घरी नेतोय एवढं तरी पाहून घ्यावं.

सुधारित म्हणजे नकली असं मात्र कोणी समजू नका. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढल्या, गिरीराज बंगलोरच्या पशुवैद्यकीय कॉलेजनं, आणि काढल्या त्या परसात पाळायलाच. ब्रॉयलर नाहीत त्या. फरक आहे तो कामाचा. गावरान कोंबडी अर्धं काम स्वतःच उरकते, सुधारितच्या बाबतीत ते अर्धं काम तुमच्या गळ्यात येतं, आणि हे विकणारा सांगत नाही कारण त्याला कोणी विचारतच नाही.

सगळ्यात मोठं काम म्हणजे पिल्लं काढणं. गावरान बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते. मग ती खाणंपिणं सोडल्यासारखी कोपरा धरते, हात लावला की फुगून चोच मारते, दिवसातून एकदा उठून दाणापाणी करून परत जाऊन बसते. २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि पुढं दीड-दोन महिने ती त्यांना घेऊन हिंडते, घार आली की पंखाखाली घेते, काय खायचं काय नाही ते शिकवते. या सगळ्या काळात अंडं एक नाही, म्हणूनच तिची वर्षाची अंडी पन्नास-साठच्या आसपास राहतात. शहरातून आलेला माणूस इथंच वैतागतो, रोज आमलेट मिळेल म्हणून पाच कोंबड्या आणल्या आणि तीन खुडूक बसल्या तर काय करायचं. पण बाप्पा, तीच तर तिची मशीन आहे! वीज नको, बल्ब नको, खाली दहा-बारा अंडी ठेवा, सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहा, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका.

सुधारित जातीतून हे खुडूक बसणंच बहुतेक काढून टाकलेलं असतं, म्हणून वनराज वर्षाला शंभरेक अंडी देते, आणि ग्रामप्रियाला नीट खाद्य मिळालं तर दोनशेच्या घरात जाते. बसत मात्र नाही. तिची अंडी गावरानीखाली उबवता येतात, पिल्लं निघतातही, पण या जाती दोन-तीन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेल्या असल्यामुळे त्या पिल्लांत आईचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, कोणी लहान राहतं, कोणी अंडी कमी देतं. म्हणजे सुधारित ठेवायची तर दर खेपेला नवीन पिल्लं विकत आणायची तयारी हवी. हायब्रीड कापसाचं बियाणं दरवर्षी आणतो, तसाच हिशेब.

आणि ती एक दिवसाची पिल्लं बिनआईची असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशाच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशानं कमी करत जायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली की थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली की गरम होतंय. आपल्याकडं रात्री लाईन जाते हे ध्यानात ठेवा, जानेवारीत अशी एक रात्र आली तर सकाळी कोपऱ्यात मेलेल्या पिल्लांचा ढीग सापडतो. खाली तुस किंवा बारीक कुटार टाकायचं, कागद नाही, कागदावर पाय घसरून फाकतात. महिना-सव्वा महिना तयार स्टार्टर खाद्य लागतंच, नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर ती वाढत नाहीत.

ओळखायची कशी? पाय पाहा. गावरानीची नळी बारीक, अंग हलकं, कोंबडी सव्वा-दीड किलोच्या पुढं सहसा जात नाही, सोडली की भुर्रकन उडून भिंतीवर, संध्याकाळी बाभळीवर किंवा कोठ्याच्या आढ्यावर. सुधारितची नळी जाड, छाती रुंद, चालणं जडशीळ. टोपल्यात सगळ्या एकाच मापाच्या, एकाच वयाच्या दिसल्या तर त्या हॅचरीच्या समजा, कारण गावातल्या कोंबड्या चार घरच्या असतात, कोणी लहान कोणी मोठी, एखादी उघड्या मानेची, एखादी लंगडी. अंड्याच्या रंगावर तर बिलकूल जाऊ नका. तपकिरी अंडं पिंजऱ्यातल्या लेअर कोंबडीचंही असतं. गावरानीचं अंडं लहान, चाळीस ग्रॅमच्या आसपास, रंग फिकट. आतला पिवळा बलक गडद झाला तर तो हिरवा पाला, मका, किडे खाल्ल्यानं, जातीनं नाही. आणि कडकनाथ, तिच्या मांसाला झाबुआच्या नावानं २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ती, तिचं मांस काळं असतं पण अंडं काळं नसतं, काळं अंडं म्हणून कोणी विकत असेल तर सरळ पुढं चला.

उन्हाळा ही आपल्याकडची खरी परीक्षा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५-४६ ला जातो तेव्हा जड अंगाच्या कोंबड्या आधी पडतात. गावरान दुपारी लिंबाखाली माती उकरून त्यात अंग घालून बसते, सुधारित टिनाच्या शेडात कोंडलेली असली तर उभ्या उभ्या धापा टाकते. टिनावर पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या अंथरून दुपारी पाणी मारा, बाजूला ओली पोती लटकवा, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत.

लसीचं तर दोघींनाही सारखंच. "गावरानीला काई होत नाई" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की सगळं खुराडं चार दिवसांत साफ होतं, तिथं जात पाहिली जात नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी ही लस टोचून, हे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कुपी बर्फात आणायची, उघडली की तासा-दोन तासात संपवायची, म्हणून शेजारच्या चार घरांना सोबत घेतलेलं बरं.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पाच-सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, बास. सुधारित नंतर आणा, आणि अंडी विकायची असतील तरच.

आता पेटी. इथंही दोन माशा एकाच नावानं खपतात. एक सातेरी, आपली देशी, झाडाच्या ढोलीत नाहीतर जुन्या भिंतीत एकाशेजारी एक अशी पाच-सात पोळी बांधणारी. दुसरी मेलीफेरा, लोक इटालियन म्हणतात ती, अंगानं मोठी, रंगानं पिवळसर. (आग्या आणि फुलोरी पेटीत राहतच नाहीत, त्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, तेव्हा आग्याची पेटी देतो म्हणणाऱ्याला हात जोडा.) दोघींच्या पेट्याही वेगळ्या. मेलीफेराची चौकट मोठी, तिच्या मेणपत्र्यावरचं, म्हणजे पोळं बांधायला चौकटीत लावतात त्या मेणाच्या पातळ पत्र्यावरचं, घराचं माप सातेरीला बसत नाही.

देशी आपलं काम आपणच उरकते हा कोंबडीचा नियम इथं अर्धाच लागू होतो. सातेरी स्वस्त, कमी खाणारी, थोड्या फुलांवर भागवणारी, व्हरोआ माइटला, म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणाऱ्या बारीक किडीला, स्वतःच अंगावरून चावून काढणारी. पण खाणं संपलं, मुंग्या लागल्या, मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, शिरला की ही देशी बाई पेटी सोडून निघून जाते, आणि मागं रिकामी पोळी राहतात. मेलीफेरा सहसा अशी जात नाही, तिला साखरेचं पाणी देऊन बसवून ठेवता येतं, मधही कितीतरी जास्त. मात्र तो जास्तीचा मध ट्रकवर पेट्या लादून फुलांमागं फिरणाऱ्यांचा आहे. एका जागी ठेवलेल्या दोन पेट्यांतून तेवढ्याची आशा धरू नका. सातेरीची एक पेटी चांगल्या वर्षी पाच-सात किलो देते, घराला पुष्कळ.

म्हणून पेटी घ्यायच्या आधी वर्षभर आपल्या शिवारात कधी काय फुलतं ते पाहा. तूर नोव्हेंबर-डिसेंबरात, मग जवस, करडई, संत्र्याचा आंबिया बहार, पळस, मोह, कडुनिंब, असं एप्रिलपर्यंत बरं चालतं. पुढं मे ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत खडखडाट, तेव्हाच सातेरी पळते. आजूबाजूला सगळा कापूसच असेल आणि फवारणी भर सकाळी होत असेल तर धुऱ्यावरच्या शेजाऱ्याशी आधी बोला, संध्याकाळी फवारा म्हणावं. तो ऐकत नसेल तर पेटी घेऊच नका.

कोंबड्या आणि पेटी एका वाडीत चालतात. कोंबड्या पेटीखाली पडलेल्या मेलेल्या माशा, मेणकिड्याच्या अळ्या आवडीनं खातात, माशा त्यांच्या वाटेला जात नाहीत. फक्त पेटी स्टँडवर ठेवा, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. तोंड पायवाटेकडं नको. आणि माशांना पाणी वेगळं द्या, पसरट ताटलीत खडे टाकून, नाहीतर उन्हाळ्यात त्या कोंबड्यांच्या भांड्यावर बसतात आणि पाणी बदलायला गेलेल्या तुमच्या हाताला डसतात. माशांची वसाहत आणायचीच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणा, तूर फुलायच्या तोंडावर.