जुन्या पोर्शे ९११चे सस्पेन्शन आणि त्याचे दुर्मिळ भाग

पोर्शे ९११ ही जर्मन स्पोर्ट्सकार सप्टेंबर १९६३मध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधल्या शून्याच्या आकड्यांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ते ९११ झाले. तेव्हापासून १९८९पर्यंत, मोजके अपवाद सोडले तर, रस्त्यावरच्या ९११चा भार कॉइल स्प्रिंगांनी नव्हे, टॉर्शन बारांनी पेलला. कारखान्याने वेगवान आवृत्त्यांसाठी आणि शर्यतींसाठी बनवलेले या सस्पेन्शनचे, म्हणजे चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या रचनेचे, बार, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आर्म (चाकाला धरणारे हात) आणि बुश (सांध्यांतली अस्तरे) आज फार थोडे उरले आहेत, आणि जुनी गाडी पूर्ववत उभी करणारे लोक त्यांच्या शोधात असतात. मात्र यातला कोणताही भाग एकट्याने कामाचा नसतो. हे सस्पेन्शन संच म्हणून जुळवलेले आहे आणि त्याची किंमतही संच म्हणूनच कळते.

टॉर्शन बार म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्यात घट्ट बसवलेले असते, दुसरे चाकाच्या आर्मला जोडलेले. चाक खड्ड्यावरून उचलले गेले की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ उलगडताना चाक पुन्हा खाली येते. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने या रचनेच्या पेटंटसाठी १९३१मध्ये अर्ज केला होता आणि पुढे फोक्सवॅगन बीटलही याच दांड्यांवर उभी राहिली. ९११मध्ये पुढचे दांडे गाडीच्या लांबीला समांतर, खालच्या आर्मच्या नळीत दडलेले असतात. मागचे दांडे आडव्या नळीत असतात. पुढच्या स्ट्रटभोवती, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सामावणाऱ्या उभ्या खांबाभोवती, स्प्रिंग नसल्याने नाकाकडच्या भागात सामान आणि पेट्रोलची टाकी यांना ऐसपैस जागा मिळाली. इंजिन मागे असलेल्या गाडीला या जागेचे मोल मोठे होते.

मागच्या दांड्याची एक खुबी मला फार आवडते. त्याच्या आतल्या टोकाला ४० दाते असतात आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दात सरकवला तर ९ अंशांचा फरक पडतो, बाहेरचा सरकवला तर सुमारे ८ अंश ११ मिनिटांचा. एक दात पुढे आणि दुसरा मागे घेतला की उरतात जेमतेम ४९ मिनिटे, म्हणजे पाऊण अंशाहून किंचित जास्त. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरचे तत्त्व तेच. एकही जादा स्क्रू न लावता गाडीची उंची इतक्या बारकाईने बसवता येते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दोन तुकड्यांच्या, बोल्टने सरकवता येणाऱ्या स्प्रिंग प्लेट (मागचा दांडा आणि आर्म जोडणाऱ्या पट्ट्या) आल्या आणि मेकॅनिकचे हे कष्ट बरेच कमी झाले. म्हणूनच जुन्या गाड्यांवर नंतर चढवलेल्या अशा प्लेट पुष्कळ दिसतात.

दांड्याचा कडकपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ९११चा पुढचा दांडा वर्षानुवर्षे १९ मिमीचा होता. त्याजागी २१ मिमीचा घातला तर कडकपणा जवळजवळ दीडपट होतो आणि २२ मिमीचा घातला तर सुमारे १.८ पट. डोळ्यांना न जाणवणारे दोन-तीन मिलिमीटर गाडीचा स्वभाव पालटून टाकतात, त्यामुळे जुना दांडा विकत घेताना मायक्रोमीटर हाताशी हवा. शर्यतीसाठी पोकळ दांडेही बनले. त्यांचे गणितही याच चौथ्या घाताचे आहे. व्यासाच्या निम्मे भोक आरपार पाडले तर वजन पाव हिश्शाने घटते, कडकपणा मात्र सहा टक्क्यांच्या आसपासच कमी होतो.

सुरुवातीची ९११ वळणावर चंचल होती. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २२११ मिमी होते आणि इंजिनचे वजन मागच्या आसाच्याही मागे लटकलेले. काही काळ कारखान्याने पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोंची ओतीव लोखंडी वजने बसवली. खरा उपाय १९६९च्या मॉडेलमध्ये आला. मागचे ट्रेलिंग आर्म लांब करून चाके ५७ मिमी मागे नेली, इंजिन होते तिथेच ठेवले. लांब आणि आखूड गाडीचे मागचे आर्म एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि आखूड गाडीचे शाबूत आर्म आता सहज सापडत नाहीत. १९७४च्या मॉडेलपासून पोलादी आर्मऐवजी ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे आले. वाकलेल्या आकारामुळे जाणकार त्यांना केळेच म्हणतात.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग. साध्या आवृत्त्यांत बहुधा बोगे कंपनीचे, ९११ एस या वेगवान आवृत्तीच्या पहिल्या मॉडेलमध्ये नेदरलँड्सच्या कोनी कंपनीचे, कडकपणा कमी-जास्त करता येणारे. बिल्स्टाइन या कंपनीचे तंत्र वेगळे होते. फ्रेंच संशोधक क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ यांची एकाच नळीची, दाबाखालच्या वायूची रचना त्यांनी घेतली आणि १९५७मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या नियमित उत्पादनातल्या गाडीत आली. नळीत तरंगता पिस्टन असतो, त्याच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबलेला नायट्रोजन. दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांबच लांब उतारावरही शॉकची पकड ढिली पडत नाही. ९११च्या पुढच्या स्ट्रटमध्ये बिल्स्टाइनचा शॉक उलटा बसतो. जाड नळीच बाजूचा भार घेते, त्यामुळे बारीक दांडी वाकत नाही. शिवाय तो उघडून, सील आणि तेल बदलून, वायू भरून पुन्हा वापरता येतो. पन्नास वर्षांपूर्वीची नळी आजही गाडीखाली काम करते ती यामुळेच.

याउलट नशीब बोगेच्या जलवायू, म्हणजे तेल आणि वायू यांच्या दाबावर चालणाऱ्या, स्ट्रटचे. १९६९च्या ९११ ई या आवृत्तीला ते मूळचेच बसवलेले असत. पुढचे टॉर्शन बार काढून टाकलेले आणि गाडीची उंची स्ट्रटच राखणार, चालता चालता स्वतःला पंप करत. कल्पना सुंदर होती. पण स्ट्रट गळू लागल्यावर बदली भाग मिळेनासे झाले आणि बहुतेक मालकांनी टॉर्शन बार व साधे स्ट्रट बसवून घेतले. ते स्ट्रट चालू स्थितीत असलेली ९११ ई अपवादानेच दिसते. दुरुस्ती अवघड असली, तरी मूळ स्ट्रट फेकून न देता गाडीसोबत जपून ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

१९७२च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला दाखवलेली ९११ची वेगवान आवृत्ती कॅरेरा आरएस २.७ हे संच जुळवण्याचे उत्तम उदाहरण आहे. शर्यतीच्या मान्यतेसाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या, बनल्या १,५८०. तिला बिल्स्टाइनचे शॉक आणि जाड अँटी-रोल बार (वळणावर गाडीला कलू न देणारे आडवे दांडे) मिळाले, पुढचा १८ मिमी व मागचा १९ मिमी. मागच्या चाकांचे रिम पुढच्यांपेक्षा रुंद होते आणि हे सगळे त्यांच्या हिशोबाने ठरले होते. तेच अँटी-रोल बार अरुंद चाकांच्या गाडीला लावले तर वळणावर पुढची-मागची पकड बेतलेली राहत नाही. शर्यतीच्या गाड्या पुढे याही पलीकडे गेल्या. १९७४च्या आरएसआर टर्बोत टॉर्शन बारांचा भार टायटॅनियमच्या कॉइल स्प्रिंगांनी घेतला.

बुशांची गोष्ट थोडक्यात. मूळ रबर दशकांनंतर खचते आणि आर्म लोंबतात. पॉलियुरेथेनचे बुश कडक असतात, पण वंगण सुकले की कुरकुरतात. ग्रीसची निपल असलेले ब्राँझचे बुश सर्वांत नेमके चालतात, मात्र रस्त्याचा प्रत्येक खडा सांगतात.

जुना भाग ओळखताना आधी त्यावरचा क्रमांक पाहतात. पोर्शेच्या पद्धतीत ९११नंतर ३४१ आला तर भाग पुढच्या आसाचा, ३३३ आला तर मागच्या. टॉर्शन बारांवर डावा-उजवा अशी खूण असते आणि ती पाळावीच लागते. कारखान्यात दांड्याला एका दिशेने आधीच पीळ देऊन ठेवलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा तो पीळ पोलादात कायम राहतो. बाजू बदलून बसवलेला दांडा उलट्या दिशेने पिळला जातो, खचतो आणि शेवटी तुटतो. गंजाचेही तसेच. दांड्याचा रंग जिथे खरवडला असेल तिथे बारीक खड्डा पडतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून जाणकार मेकॅनिक दांडा हातात आला की तो पुसून, उजेडात फिरवून, बोटाने पूर्ण लांबी चाचपतो, आणि मग रंग व ग्रीस लावूनच नळीत सरकवतो.