हाय प्रेशर की लो प्रेशर: एकाच टाकीवरच्या दोन वेगळ्या शेगड्या

बेळगावात नवीन खानावळ काढणारा माणूस भांड्यांच्या दुकानात गेला की पहिला प्रश्न येतो, "अण्णा, भट्टी कसली देऊ? हायची का लोची?" अण्णांना फरक माहीत नसतो, पण 'हाय' म्हटलं की जास्त आच, लवकर स्वयंपाक, एवढं त्यांच्या मनात पक्कं असतं. "हायचीच द्या" म्हणून ते मोकळे होतात. घरची जुनी नळी, शेजारच्याकडून आणलेला रेग्युलेटर आणि ही नवी भट्टी असं तिघांचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी दुकान सुरू होतं. या धंद्यातला निम्मा घोटाळा इथूनच सुरू होतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. घरची 14.2 किलोची टाकी म्हणजे लो प्रेशर आणि 19 किलोची कमर्शियल टाकी म्हणजे हाय प्रेशर, असं भले भले सांगतात. टाकीत हाय-लो असं काही नसतं. दोन्हीत द्रवरूप एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. आतला दाब टाकीच्या आकारावर ठरत नाही. तो गॅसच्या मिश्रणावर आणि हवेतल्या गरमीवर ठरतो. साध्या दिवशी दोन्ही टाक्यांत दर चौरस सेंटिमीटरला चार-पाच ते सात-आठ किलो असा दाब असतो. हाय आणि लो हा फरक टाकीच्या तोंडावर, रेग्युलेटरपासून पुढे सुरू होतो.

दोन्ही रेग्युलेटर हातात घेऊन बघा. लो प्रेशरचा म्हणजे घरी असतो तो: चपटा, गोल, टाकीवर बसवला की 'टक्' असा आवाज येतो, वर चालू-बंदचा खटका. त्याच्या पोटात रबरी पडदा आणि स्प्रिंग असते, आणि टाकीत कितीही दाब असला तरी तो पुढे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 30 ग्रॅमच दाब सोडतो. पडद्यामागच्या हवेसाठी त्याच्या अंगावर एक बारीक भोक असतं. ते पीठ-तेलाच्या चिकटाने बुजलं की रेग्युलेटरचा हिशेब चुकतो. आमच्याकडच्या स्वयंपाकघरांत ते कोणी पुसताना दिसत नाही. हाय प्रेशरचा रेग्युलेटर पितळी, जड, आणि त्याला फिरवायची मूठ असते. मूठ आत फिरवाल तसा दाब वाढतो, एक किलो, दीड, काहींत दोनपर्यंत. एक किलो म्हणजे हजार ग्रॅम. घरच्या तीस ग्रॅमच्या तेहतीसपट. हा आकडा डोक्यात ठेवला तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आता बर्नर. गॅस स्वतःहून नीट जळत नाही, त्याला हवा लागते. जेटच्या, म्हणजे बर्नरच्या नळीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या पितळी टोपणाच्या, बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि जाता जाता बाजूच्या झरोक्यातून हवा ओढून घेतो. दोघं नळीत मिसळतात आणि वर निळे पेटतात. लो प्रेशरच्या बर्नरला गॅस हळू येतो, म्हणून जेटचं भोक त्या मानाने मोठं. हाय प्रेशरचा गॅस सुसाट येतो, म्हणून भोक बारीक आणि हवेचा झरोका मोठा. त्यामुळेच हायची भट्टी घुंघुं करत जळते आणि लोची शेगडी जवळजवळ मुकी असते.

ही दोन घरं एकमेकांत मिसळली की काय होतं? हायचा रेग्युलेटर लोच्या शेगडीला जोडला तर त्या मोठ्या भोकातून नेहमीच्या पाच-सहापट तरी गॅस सुटतो. त्याला पुरेल एवढी हवा झरोक्यातून येत नाही. जाळ बर्नरवरून उचलला जातो किंवा पिवळा होऊन फूट-दीड फूट वर चढतो, पातेल्याचा बुडखा काजळतो, डोळे चुरचुरतात. हे दिसणारं नुकसान. न दिसणारं जास्त वाईट: शेगडीचे कॉक, म्हणजे चालू-बंदच्या चाव्या, आतल्या ग्रीसच्या पातळ थरावर गॅस अडवतात, ते तीस ग्रॅमसाठी बनलेले, हजार ग्रॅमला त्यांच्या खांद्यातून गॅस पाझरतो. नुसती ढकलून क्लिप लावलेली घरगुती नळी तर कधी निसटेल याचा नेम नाही.

उलटं केलं, म्हणजे लोचा रेग्युलेटर हायच्या भट्टीला लावला, तर बारीक भोकातून गॅस रेंगाळत येतो, हवा ओढायची ताकद त्याच्यात नसते. जाळ मरगळलेला. कधी कधी तो बर्नरवरून खाली शिरून जेटपाशीच जळायला लागतो, फट्-फट् आवाज येतो आणि मिक्सिंगची नळी तापून लाल होते. आचारी म्हणतो भट्टी बिघडली, दुकानदार म्हणतो जेट साफ करा. मग कोणीतरी सुई घालून जेट मोठं करतो. असं मोठं केलेलं जेट नंतर बरोबर रेग्युलेटर लावला तरी नीट चालत नाही. तार किंवा सुई जेटमध्ये घालायचीच नाही. जेट बंद असेल तर बदलायचं, त्याला फार पैसे पडत नाहीत.

मग घ्यायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की सीमाभागातल्या बहुतेक छोट्या खानावळींना हायची गरजच नसते. चपात्या, भाकरी, उसळ, आमटी, चहा या सगळ्याला कमर्शियल लो प्रेशरची दोन-तीन बर्नरची शेगडी पुरते. कुंद्याचं उदाहरण घ्या. दूध आटवायचं, खवा आणि साखर घालून तो तांबूस रंग येईपर्यंत सतत घोटायचं, हे काम मंद आचेचं आहे. हायच्या भट्टीवर कढईच्या मध्यभागी जाळ एका ठिकाणी तडाखा देतो, आणि ढवळणाऱ्याचा हात क्षणभर थांबला की तळ लागतो. लागलेला वास कुंद्यातून जात नाही, तो 'खमंग' म्हणून खपवता येत नाही. मूठ कमी करून हायची भट्टी मंद चालवू म्हणणाऱ्यांनी करून बघावं: ती एका पातळीखाली नीट जळतच नाही. हायची खरी जागा म्हणजे लग्नातला भात, मोठ्या पातेल्यातली आमटी, बिर्याणीचा हंडा, तळणाची मोठी कढई, चायनीजची गाडी. जिथे मोठ्या भांड्यात थोड्या वेळात भरपूर उष्णता ओतायची आहे, तिथे लो प्रेशर घेऊन बसलात तर पाहुणे पंगतीत ताटकळतील.

हायची एक अडचण मात्र बेळगावच्या हवेत हमखास दिसते, आणि तिच्यावरून एजन्सीशी भांडणंही होतात. टाकीतला गॅस द्रव असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती तो टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. एका 19 किलोच्या टाकीवर मोठी भट्टी तासन्‌तास चालवली की टाकी गार पडते, बाहेरून घाम फुटतो, मग पांढरं हिम धरतं. आतला दाब उतरतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मुळातच हवा गार, त्यात ही थंडी. शिवाय प्रोपेन आधी उडतो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळायचा थांबतो. भट्टीला एक-दीड किलो दाब हवा, टाकीत तेवढा उरत नाही, जाळ बसतो. "टाकी संपली, वजनात मारलं" असा आरडाओरडा होतो. हीच टाकी लोच्या शेगडीला लावा, तिला तीस ग्रॅमच हवेत, ती आणखी बराच वेळ बिनतक्रार जळते. वजनाची शंका असेल तर टाकी काट्यावर घाला; कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो.

अशा वेळी आचारी जे उद्योग करतात ते ऐकून अंगावर काटा येतो. टाकी आडवी करणं हा त्यातला सर्वांत वाईट. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो, आणि एक लीटर द्रवाचा साधारण अडीचशे लीटर गॅस होतो. भट्टीवर जाळाचा डोंब उसळायला दुसरं काही लागत नाही. टाकीखाली निखारे ठेवणं, तिच्यावर उकळतं पाणी ओतणं हेही त्याच माळेतलं. यावरचा साधा इलाज म्हणजे दोन-चार टाक्या एका मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्यांचा गॅस एकत्र करणाऱ्या पाईपवर, जोडणं. ओझं वाटलं जातं, एकही टाकी गार पडत नाही. मोठ्या स्वयंपाकघरात मॅनिफोल्डपाशी पहिला रेग्युलेटर दाब थोडा उतरवतो, आणि भिंतीवरून आलेल्या पाईपवर प्रत्येक शेगडीच्या ओळीला आपापला दुसरा रेग्युलेटर असतो: भातभट्टीला हाय, चपातीच्या तव्याला लो. दोन्ही एकाच छपराखाली नांदवायचे तर रीत हीच.

टाक्या कुठे ठेवायच्या यावर आमच्या भागात पावसाळा अडथळा आणतो. खानापूरकडे तर महिनोन्‌महिने झड लागते, आणि मग टाक्या आत, जिन्याखाली, कधी तळघरात ओढल्या जातात. एलपीजी हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो वर जात नाही; फरशीवरून पसरतो, मोरीत उतरतो, खोलगट जागेत साचून राहतो. हवेत जेमतेम दोन टक्के मिसळला की ठिणगी पुरते. म्हणून टाक्या बाहेर, उभ्या, वर पत्र्याचं छप्पर पण बाजूंनी मोकळं, आणि गटाराच्या तोंडापासून लांब. गॅसचा डिटेक्टर लावलात तर तो जमिनीलगत हवा. एका जागी 100 किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे 19 किलोच्या पाच टाक्या. भरलेल्या आणि जोडलेल्या, सगळ्या धरून. त्यापुढे परवाना लागतो. घरगुती टाकी हॉटेलात वापरणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. विमा कंपनीला ते आगीनंतर आठवतं, एवढंच जोडतो.

पाईपने येणारा गॅस हा तिसराच मामला. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, वर छताकडे जाणारा. एलपीजीची शेगडी जेट न बदलता त्याला जोडली तर जाळ चालत नाही, आणि तिथे डिटेक्टरही वर लावावा लागतो.

नळीकडे परत येऊ. लो प्रेशरला नारंगी सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही धडधाकट दिसली तरी. हायला आतून तारेची जाळी असलेली जाड नळी लागते, आणि तिची दोन्ही टोकं पितळी नटाने आवळलेली हवीत. बाइंडिंग वायरने गुंडाळलेला जोड दिसला तर तिथे जेवायला थांबू नये, असं मी तरी पाळतो. नवीन जोडणी झाली की साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावायचा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी ओढून बघणारे फिटर अजून आहेत.

चालवतानाही दोघांत फरक आहे. हायच्या भट्टीला आधी काडी किंवा लायटर बर्नरपाशी धरायचा, मग कॉक हळू उघडायचा. उलटं केलं तर त्या दोन-चार सेकंदांत एवढा गॅस साचतो की भुवया जातात. बंद करताना टाकीचा व्हॉल्व्ह आधी. नळीतला गॅस जळून जाळ आपसूक विझला की मग भट्टीचा कॉक. नुसता कॉक बंद करून गेलात तर रात्रभर नळीत किलो-दीड किलो दाब उभा असतो. शेगडीत तीस ग्रॅम असतात, तरी टाकीवरचा खटका बंद करायचाच. हायच्या आवाजाचाही एक तोटा आहे: तीन भट्ट्या घुंघुं करत असताना बाजूच्या नळीची सुस्-सुस् ऐकूच येत नाही. एलपीजीला घातलेला तो उग्र वासही फोडणीच्या धुरात आणि सरावलेल्या नाकात हरवतो. म्हणून सांध्यांची फेसाची तपासणी भट्ट्या पेटायच्या आधी करायची, सकाळी सकाळी. वास आलाच तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. टाकी बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, आणि 1906 वर फोन. आग असेल तर 112.

सगळ्यात जास्त सरमिसळ होते ती लग्नसराईत. भट्टी मंडपवाल्याची, रेग्युलेटर आचाऱ्याचा, टाकी घरमालकाची, नळी कोणाचीच नाही. केटरिंगवाल्यांनी यावर एक स्वस्त उपाय करावा: हायचा रेग्युलेटर, नळी आणि भट्टी या तिघांना लाल ऑइलपेंटचा पट्टा, लोच्या तिघांना हिरवा. टेम्पोत भरतानाच रंग जुळला नाही तर ती वस्तू खाली उतरवायची. मंडपात पोचल्यावर, पहाटे चार वाजता, बॅटरीच्या उजेडात कोणी जेटचं भोक बघत बसत नाही.