स्ट्रँड ओढून कापणाऱ्या मशीनची पेटंट तपासणी

लांबच लांब येणारा माल (त्यालाच इथे स्ट्रँड म्हणू), म्हणजे काचेचा तंतू, पॉलिस्टरचा टो (असंख्य तंतूंचा जाड जुडगा), प्लास्टिकची गरम दोरी नाहीतर आपला साधा कडबा, एका बाजूने आत ओढायचा आणि दुसऱ्या बाजूला ठराविक लांबीचे तुकडे पाडायचे, असलं काम करणाऱ्या मशीनसाठी कुणी पेटंटचा अर्ज टाकला की पेटंट ऑफिसातला एक्झामिनर त्या अर्जाची जी छाननी करतो ती ही तपासणी. एक्झामिनर मशीन बघायला वर्कशॉपवर येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बऱ्याच जणांची तीच समजूत असते. त्याच्यासमोर फक्त कागद असतात: स्पेसिफिकेशन म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, ड्रॉइंग आणि सगळ्यात शेवटी क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारी वाक्यं. मशीन झकास चालत असेल, गावभर विकलं गेलं असेल, पण क्लेमचं वाक्य गंडलेलं असेल तर अर्ज तिथेच अडकतो.

मशीन तसं जुनंच आहे. कडबा कुट्टी डोळ्यासमोर आणा. दोन रोलर वैरण आत ओढतात, फिरत्या चाकाला लावलेली पाती ती कापतात, आणि तुकडा किती लांब पडेल हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं, मिनिटाला माल किती आत येतो आणि मिनिटाला काप किती बसतात. समजा रोलर मिनिटाला २० मीटर कडबा ओढतायत, चाक ५०० फेरे घेतंय आणि त्याला २ पाती आहेत, तर झाले १००० काप, म्हणजे २० मिलिमीटरचा तुकडा. फीडचा, म्हणजे माल आत ओढण्याचा, वेग अर्धा केला की १० मिलिमीटर. हे गणित सगळ्या स्ट्रँड कटरना लागू पडतं आणि पुढे एक्झामिनर याच गणिताने अर्जदाराचा घाम काढतो.

बाकी रचना मालाप्रमाणे बदलते. ग्लास फायबरच्या चॉपरमध्ये पाती रोवलेला कटर रोल आणि रबर किंवा पॉलियुरेथेनचं आवरण असलेला बॅकअप रोल एकमेकांना टेकून फिरतात, स्ट्रँड बॅकअप रोलला चिकटून येते आणि पाती तिला त्या मऊ आवरणावर दाबून तोडतात. जिथे भट्टीखालीच चॉपर बसवलेला असतो तिथे बुशिंगमधून, म्हणजे भट्टीच्या तळाच्या बारीक भोकांच्या पाटीतून, काच ओढून तंतू बारीक करायचं कामही हेच रोल करतात, त्यामुळे फीड आणि कटिंग अशी सरळ दोन खाती पाडताच येत नाहीत. पॉलिस्टर स्टेपलच्या (आखूड कापलेल्या तंतूच्या) कारखान्यात याच्या उलट प्रकार: पाती गोल रीलवर धार बाहेर करून बसवलेली, टो त्यावर गुंडाळत जातो, वरून प्रेशर रोलर दाबतो आणि सगळ्यात आतला थर कापला जाऊन रीलच्या पोटात पडतो. प्लास्टिक दाण्याच्या युनिटमध्ये एक्स्ट्रूडरमधून (वितळलेलं प्लास्टिक भोकांतून ढकलणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या स्ट्रँड पाण्याच्या टाकीतून थंड होऊन पेलेटायझरमध्ये जातात, तिथे दोन रोलर त्यांना ओढतात आणि दातेरी रोटर स्थिर पात्यावर दाणा पाडतो.

यामुळे वर्गीकरणाचाही एक घोळ होतो. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात कडबा-गवत कापणारी यंत्रं ए०१एफ २९ मध्ये, तंतू कापून स्टेपल करणं डी०१जी १ मध्ये, काचतंतू कापणं सी०३बी ३७ मध्ये, सर्वसाधारण कापणं बी२६डी मध्ये आणि दोऱ्यासारखा माल हाताळणं बी६५एच मध्ये, म्हणजे एकच कल्पना पाच कपाटांत. आपण ग्लास फायबरच्या कपाटात शोधून ‘असं कुठेच नाही’ म्हणून खुश होतो आणि एक्झामिनर शेजारच्या कपाटातून पन्नास वर्षांपूर्वीचा टेक्स्टाइलचा कटर काढून समोर ठेवतो.

भारतात ही सगळी भानगड पेटंट कायदा १९७० आणि पेटंट नियम २००३ खाली चालते. महाराष्ट्र-गोव्याचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या ऑफिसात जमा होतो, पण तपासायला तो मुंबईच्याच एक्झामिनरकडे जाईल असं काही नाही, वाटप आपोआप होतं आणि कोलकाता, दिल्ली, चेन्नई कुठेही जाऊ शकतं. (एक्झामिनरचं ट्रेनिंग मात्र नागपूरच्या राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्थेत होतं, एवढं समाधान आपल्याला.) नुसता अर्ज केला म्हणून तपासणी सुरू होत नाही, तपासणीची विनंती करणारा फॉर्म १८ वेगळा भरावा लागतो, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणली आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी ४००० रुपये, मोठ्या कंपनीला २००००. घाई असेल तर फॉर्म १८ए आहे, स्टार्टअपला आणि महिला अर्जदारालाही तो भरता येतो.

मग येतो एफईआर, म्हणजे पहिला तपासणी अहवाल. मेकॅनिकलच्या अर्जाला आक्षेप बहुतेक ठरलेल्या जातीचे: नावीन्य नाही, इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकारालाही सहज सुचणार नाही अशी झेप) नाही, कलम ३(एफ) लागतं, क्लेम स्पष्ट नाहीत, वर्णन अपुरं आहे. कलम ३(एफ) म्हणजे माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करतंय, तर तो शोध धरत नाहीत. फीड रोलर जुना, कटर जुना, त्यात बाजारातला लांबी मोजणारा एनकोडर जोडला, तिघे आपापलं काम करतायत, झालं, ३(एफ). पण एनकोडरच्या सिग्नलवर बॅकअप रोलचा दाब बदलतो आणि त्यामुळे पाती बोथट होत गेली तरी काप पूर्ण बसतो, असं काही असेल तर मग भागांचा एकमेकांशी संबंध आला आणि तिथून बोलायला जागा मिळते.

एक काल्पनिक क्लेम घेऊन बघू: ‘काचेच्या स्ट्रँड ६ ते १२ मिलिमीटर एकसारख्या लांबीत कापणारं यंत्र, ज्यात फीड करणारं साधन आणि कापणारं साधन असून स्ट्रँड न अडकता पुढे जाते.’ नवख्याला हे भारदस्त वाटतं. आता एक्झामिनर काय करतो बघा.

‘६ ते १२ मिलिमीटर’ हे वरच्या गणितातलं सेटिंग आहे, जुन्याच मशीनचा वेग बदलला की तेवढी लांबी मिळते, म्हणून त्याला वजन नाही. ‘एकसारख्या लांबीत’ आणि ‘न अडकता’ ही तर इच्छा झाली, कशामुळे अडकत नाही ते कुठंय? ‘फीड करणारं साधन’ म्हणजे कुठलंही साधन, रोलर, पट्टा, हवेचा झोत, सगळं त्यात येतं आणि म्हणून जुनं काहीही त्याला आडवं येतं. उरलं काय, तर ‘काचेच्या स्ट्रँड’. आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण मशीन जो माल कापतं तो माल मशीनचा भाग नसतो. तागाचा दोर कापणारा जुना कटर रचनेने तंतोतंत तोच असेल आणि त्यात काचेची स्ट्रँड घातली तर चालणार असेल, तर ‘आमचं काचेसाठी आहे’ म्हणून नावीन्य येत नाही.

अमेरिकेत हा मुद्दा फार जुना आहे, १९३५ च्या यंग प्रकरणात काँक्रीटच्या बीमच्या मशीनबद्दल कोर्टाने असंच म्हटलं होतं, आणि १९६३ च्या ऑटो प्रकरणात तर केसांच्या कर्लरचा गाभा होता, त्यात तो केस कुरळे करायला वापरायचाय या गोष्टीने रचनेत काही फरक पडत नाही असं ठरलं. केस म्हणजे शेवटी स्ट्रँडच की. युरोपियन पेटंट ऑफिसात ‘अमुक कामासाठीचं यंत्र’ हे शब्द ‘त्या कामाला चालू शकेल असं यंत्र’ असे वाचतात. आपल्याकडे कलम ३(डी) मध्ये माहीत असलेल्या मशीनचा नुसता नवा वापर सरळ बाहेरच ठेवलाय.

म्हणून क्लेम परिणामाचा लिहू नये, रचनेचा लिहावा, आणि माझ्या मते अशा अर्जांचं अर्धं भवितव्य इथेच ठरतं. ‘स्ट्रँड अडकत नाही’ याऐवजी बॅकअप रोलच्या आधी एक छोटा आयडलर (स्वतः न ओढता मोकळा फिरणारा) रोल आहे, तो स्प्रिंगने दाबलेल्या हातावर बसवलाय, त्यामुळे स्ट्रँड बॅकअप रोलला किती अंशापर्यंत वेढा घालते, नवी स्ट्रँड लावताना तो हात कुठे सरकतो, हे आलं पाहिजे. ग्लास फायबरमध्ये खरी डोकेदुखी तिथेच असते: एखाद्या बुशिंगवर तंतू तुटला की बाकीच्या स्ट्रँड पूर्ण वेगाने कापल्या जात असतानाच ही एक हळू ओढून घेऊन हळूहळू वेग वाढवत त्यांच्यात सामील करायची, मशीन न थांबवता. त्याशिवाय रोलरला तंतूचा लपेटा बसणं, बॅकअप रोलचं आवरण झिजणं, पातं पटकन बदलता येणं. पातं तर काय, जुन्या काळापासून कापतंच आलंय, शोधाला जागा बहुतेक वेळा पात्याच्या अलीकडे, फीडमध्ये असते.

आणि हे सगळं पहिल्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये असायला हवं. एफईआर आल्यावर क्लेम बारीक करता येतो, पण कलम ५९ मुळे मूळ कागदात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. स्प्रिंगचा हात मशीनवर होता, ड्रॉइंगमध्ये नव्हता, वर्णनातही नव्हता, तर पेटंट ऑफिसच्या दृष्टीने तो नव्हताच. पैसे वाचवायला घाईत दोन पानी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, टाकणाऱ्यांना हा फटका बसतो, कारण प्रोव्हिजनलची तारीख फक्त त्यात लिहिलेल्यालाच मिळते.

इन्व्हेंटिव्ह स्टेपचा वाद सगळ्यात लांबतो. एक्झामिनर आपल्याला सापडलेल्या जुन्या कागदांना डी१, डी२ असे नंबर देतो आणि म्हणतो डी१ मध्ये अमुक आहे, डी२ मध्ये तमुक आहे, क्षेत्रातला जाणकार माणूस दोन्ही सहज एकत्र करेल. अर्जदाराने सांगायचं असतं की करणार नाही, आणि का करणार नाही. इथे भारतात अजूनही बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हाच निकाल पुढे येतो. मिर्झापूरची भांडी, लेथवर घासताना ती घट्ट धरून ठेवायची युक्ती, पेटंट १९५१ पासूनचं आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल डिसेंबर १९७८ चा, म्हणजे पेटंटची मुदत केव्हाच उलटून गेलेली. कोर्ट म्हणालं की लेथचे हे भाग आधीपासून माहीत होते, वर्कशॉपमधल्या साध्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी हवं. स्ट्रँड कटरच्या अर्जात ‘वर्कशॉप सुधारणा’ हा शब्द दिसला की समजायचं हे मिर्झापूरहून आलंय. कारागिराच्या बाजूने बघितलं तर हा निकाल जरा कठोरच वाटतो, कारण वर्कशॉपमधली सुधारणा सुचायलाही वीस वर्षं हात काळे करावे लागतात, पण वीस वर्षांची मक्तेदारी देताना पट्टी उंच ठेवावी लागणार हेही खरं.

उत्तर द्यायला एफईआरपासून सहा महिने असतात, अर्ज करून मुदत वाढवता येते. तरी पटलं नाही तर सुनावणी, आता ती व्हिडिओ कॉलवर होते, आणि नंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. फीड युनिट आणि पातं बदलायची यंत्रणा असे दोन वेगळे शोध एकाच अर्जात कोंबले असतील तर एक वेगळा काढून कलम १६ खाली त्याचा डिव्हिजनल, म्हणजे स्वतंत्र अर्ज, करता येतो. नकार आला तर अपील आता हायकोर्टात, आधीचं आयपीएबी (बौद्धिक संपदा अपील मंडळ) २०२१ मध्ये बंद झालं.

आपल्या भागातली नेहमीची चूक मात्र तपासणीच्या कितीतरी आधीची असते. कुट्टीत नवीन फीड बसवला की माणूस आधी कृषी प्रदर्शनात स्टॉल लावतो, व्हिडिओ टाकतो, दहा-वीस मशीन विकतो, आणि मग पेटंटचं बघतो. प्रदर्शनाची १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे खरी, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, तालुक्याच्या मैदानावरच्या मंडपाला नाही. स्वतःचाच व्हिडिओ स्वतःच्याच अर्जाला आडवा येतो. एक्झामिनरच्या नजरेतून तो सुटला तरी मंजुरीआधी कुणीही कलम २५(१) खाली विरोध नोंदवू शकतं, आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यावरही वर्षभर हितसंबंध असलेल्याला विरोध करता येतो, मग शेजारच्या एमआयडीसीतला स्पर्धक जुनं माहितीपत्रक आणि तारीख असलेलं बिल घेऊन बरोबर हजर होतो.