पायथॉन ३.१५ चा अल्फा : विंडोजवर 'पुणे' का अडत होतं आणि आता का अडणार नाही

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१५ चा पहिला अल्फा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, १४ ऑक्टोबर २०२५ ला आला, ३.१४ येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. नव्या गोष्टींची यादी छोटीच आहे, प्रोफायलरचं (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाचं) नवं पॅकेज वगैरे, पण त्यातली एक गोष्ट मराठी डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाने बघायलाच हवी : फाइल उघडताना एनकोडिंग सांगितलं नाही तर यापुढे पायथॉन सगळीकडे यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्यांना चालणारं एनकोडिंग धरणार, विंडोजवरसुद्धा. मला विचाराल तर आपल्यासाठी गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात कामाचा बदल आहे.

का ते सांगतो. फाइलमध्ये अक्षरं नसतातच, ० ते २५५ मधले आकडे असतात, त्यालाच बाइट म्हणतात, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ज्या तक्त्याने ठरतं ते एनकोडिंग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म म्हणजे २२४, १६४, १७४. काना, मात्रा, उकार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं, प्रत्येकाचे आपापले तीन बाइट. म्हणजे 'नागपूर' झाले न, काना, ग, प, दीर्घ उकार, र अशी सहा चिन्हं, अठरा बाइट.

आता विंडोजवरचा पायथॉन आजवर काय करायचा, तर एनकोडिंग सांगितलं नसेल तर सिस्टिमची जुनी सेटिंग वापरायचा, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती बहुतेक वेळा कोडपेज १२५२ असते, जी पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनलेली आहे आणि जिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग म चे तीन बाइट वाचताना डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं एक चिन्ह, मग गोलातला आर असं काहीतरी समोर येतं. 'नागपूर'ची अशी अठरा चित्रविचित्र अक्षरं होतात आणि प्रोग्राम मजेत पुढे चालू राहतो.

'पुणे' मात्र तिथल्या तिथे अडतं. ऱ्हस्व उकाराचे बाइट २२४, १६५, १२९, आणि कोडपेज १२५२ मध्ये १२९ ची जागा रिकामी आहे. पायथॉनच्या हिशोबाने अशा पाच जागा रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४, १५७. हलंताचा शेवटचा बाइट १४१, म्हणजे कुठलंही जोडाक्षर आलं की एरर. ए मध्ये १४३, ऐ मध्ये १४४, झ मध्ये १५७. म्हणून एकाच यादीतलं सातारा, नागपूर 'चालतं' आणि मुंबई, पुणे, महाराष्ट्र आलं की लाल अक्षरात युनिकोड डिकोड एरर येतो, आणि नवीन शिकणाऱ्या मुलाला वाटतं आपलाच कोड चुकला. शिकवणारा मॅक किंवा लिनक्सवर असेल तर त्याच्याकडे तोच कोड व्यवस्थित चालतो, कारण तिथे आधीपासूनच बहुतेक करून यूटीएफ-८ असतं. माझ्या मते एरर येणं तरी बरं, न सांगता बिघडलेला डेटा जास्त घातक.

उपाय नव्हता असं नाही. फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनमध्ये एनकोडिंग लिहिलं की झालं, आणि २०१८ च्या ३.७ पासून यूटीएफ-८ मोड, म्हणजे सगळीकडे यूटीएफ-८ धरायची सेटिंग, होता, पण तो विंडोजवर आपण चालू करायचा, आणि ज्याला त्याची खरी गरज त्यालाच तो माहीत नसायचा. हा मोड आपोआप चालू असावा हा प्रस्ताव पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक इनाडा नाओकी यांचा. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेने हीच गोष्ट मार्च २०२२ मध्ये आवृत्ती १८ ला करून टाकली होती. पायथॉनवाल्यांनी वेळ घेतला कारण जगात जुन्या कोडपेजमधल्या फाइलीही भरपूर आहेत, उदाहरणार्थ पौंडाचं चिन्ह १२५२ मध्ये नुसतं १६३ असतं आणि यूटीएफ-८ मध्ये १६३ ने कुठलंच अक्षर सुरू होत नाही, म्हणजे आता त्या फाइली अडणार. त्यांच्यासाठी एनकोडिंगच्या जागी 'लोकेल' (म्हणजे सिस्टिमची जुनी सेटिंगच वापर) लिहायची सोय ३.१० पासून आहे, शिवाय अख्खा मोड बंदही करता येतो.

अल्फा रोजच्या कामाला वापरायचा नसतो, बीटा हा चाचणीचा पुढचा टप्पा सुरू होईपर्यंत त्यात भर पडत राहते. ३.१५ ची पक्की आवृत्ती वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबर २०२६ ची आहे. पण अल्फा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून आपल्या जुन्या स्क्रिप्ट एकदा चालवून बघा, कारण काही मोडत असेल तर ते आत्ता कळवलेलं उपयोगी पडतं.

आणि एक, एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला तीन जादा बाइट असतात, ते नवीन पायथॉनही आपणहून काढत नाही. ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतात, दिसत नाहीत, आणि स्क्रीनवर 'गाव' कॉलम समोर दिसत असून कोडला तो सापडत नाही. अशा फाइलींसाठी एनकोडिंग अजूनही हाताने 'यूटीएफ-८-सिग' असंच लिहावं लागतं.