पुंगळीची लांबी आणि कटरची धार : पार्श्वभूमी

बंदुकीच्या काडतुसाच्या पितळी पुंगळीचे (बाहेरच्या कवचाचे) तोंड कापून लांबी नेमकी करण्याचे काम मुळात कारखान्यातले आहे. जाड चकतीला टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी घडवताना तिचा काठ वेडावाकडा येतो आणि तो छाटावाच लागतो. 1869 मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि 1964 मधला वरणगावचा कारखाना ही या उत्पादनाची महाराष्ट्रातली ठळक नावे.

वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्या छंदिष्टांच्या टेबलावर हे काम पोहोचले ते मुख्यतः अमेरिकेत. 1866 च्या सुमारास ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डॅन यांचे प्रायमर (पुंगळीच्या तळाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी) आले. गंमत अशी की ब्रिटिश बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डॅनची युरोपात. बॉक्सर पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असल्याने वापरलेला प्रायमर सुईने ढकलून काढता येतो, म्हणून पुंगळी पुन्हा भरायला (पुनर्भरणाला) तीच सोयीची ठरली. 1884 मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल ही अवजारांची कंपनी काढली, जी 1925 मध्ये लायमन कंपनीकडे गेली. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे नाशिकच्या वाचकाला हा विषय जवळचा वाटेल तो कटरमुळे, छंदामुळे नव्हे.

गोळी झाडताना आणि नंतर पुंगळी पुन्हा साच्यातून काढताना पितळ मानेकडे सरकते आणि पुंगळी लांबते. .308 विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच असून ती साधारणपणे 2.005 इंचांपर्यंत कापतात. लांबी जास्त राहिली, तर चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीत) मानेचे तोंड गोळीवर आवळले जाऊन दाब धोकादायक वाढू शकतो. इथे धारेचा संबंध येतो, कारण बोथट कटर पितळ कापण्याऐवजी दाबते, काठावर बर (धातूची खरखरीत कड) सोडते आणि मोजमाप फसवे करते.

या पितळात 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते, शिसे नसते. भांडी बाजारातल्या तांबटांना ठोकून आकार द्यायला असे मऊ पितळ सोयीचे, पण लेथवर तेच चिवट वागते : शिसेयुक्त, सहज कापल्या जाणाऱ्या पितळाची यंत्रणसुलभता (यंत्रावर कापले जाण्याची सोय) 100 धरली, तर याची जेमतेम 30 भरते. शिवाय पोलादासाठी घासलेले तीक्ष्ण कोनाचे टूल पितळात खेचले जाते, म्हणून त्याचा रेक कोन (कापणाऱ्या पृष्ठाचा कल) शून्याजवळ ठेवण्याची पद्धत पडली.

कटरच्या धातूचा इतिहास वेगाचा इतिहास आहे. साधे कार्बन पोलाद साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत विकसित केलेले हाय स्पीड स्टील 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात गाजले, कारण ते सुमारे 600 अंशांपर्यंत कठीणपणा राखत होते. 1920 च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीने ‘विडिया’ नावाने टंगस्टन कार्बाइड बाजारात आणले. हाताने फिरवायच्या ट्रिमरमध्ये (पुंगळी छाटायच्या अवजारात) एवढी उष्णता निर्माणच होत नाही. तिथे धार झिजते ती पुंगळीवर उरलेल्या काजळीने आणि पॉलिशच्या भुकटीने. त्यामुळे कापण्याआधी पुंगळी नीट पुसणे ही सर्वांत स्वस्त देखभाल आहे, आणि नवे कटर मागवण्याआधी तिच्याकडे पाहायला हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

धार लावण्याचा प्रश्न मात्र धातूनुसार बदलला. हाय स्पीड स्टीलला अॅल्युमिनियम ऑक्साइडचे साधे चाक पुरते, कार्बाइडला हिरवे सिलिकॉन कार्बाइड किंवा डायमंड चाक लागते आणि घरगुती ग्राइंडरवर ते काम बिघडते. सर्व दातांचे टोक एका पातळीत राहिले नाही, तर एकच दात कापतो आणि काठ तिरपा येतो. म्हणून हाताने धार लावण्यापेक्षा टूल अँड कटर ग्राइंडरवर, दात मोजून फिरवत, ते घासणे योग्य. मोटरवर चालणाऱ्या ट्रिमरमध्ये कार्बाइडची पाती रुजली, आणि तिथे झिजलेले पाते घासण्याऐवजी सरळ बदलणेच सोपे पडते.

कटर घासले वा बदलले, तरी टोकाची जागा सरकते आणि जुने सेटिंग निरुपयोगी ठरते. पहिली पुंगळी मुद्दाम जरा लांब कापून, व्हर्नियरने मोजून, मग स्टॉप (कापण्याची मर्यादा ठरवणारा अडसर) थोडाथोडा पुढे आणावा लागतो, कारण लांब राहिलेली पुंगळी पुन्हा कापता येते, आखूड झालेली मात्र बाद होते.